नॉर्बर्टची फुली

नॉर्बर्ट कुबेना या माझ्या नवऱ्याला आयुष्यात दोन गोष्टी उत्तम येतात. पाण्याचे हीटर दुरुस्त करणं आणि फेकी मोजणं. तिसरी, वेळेवर गप्प बसणं, मला एकेचाळीस वर्षांत त्याला शिकवता आली नाही.

एकोणीस वर्षं तो शाळेच्या फुटबॉल संघाच्या प्रत्येक सामन्याला एकाच जागी बसतो आहे. वरून तिसरी रांग, मधल्या रेषेसमोर, मांडीवर पुठ्ठा. क्वार्टरबॅकने, म्हणजे आमच्या फुटबॉलमध्ये हाताने चेंडू फेकून देणाऱ्या खेळाडूने, फेक केली की कागदावर खूण. झेलला तर गोल. झेलणाऱ्याच्या हातातून सुटला तर आडवी रेघ. फेकच चुकली तर फुली, म्हणजे दोष फेकणाऱ्याचा. शनिवारी सकाळी शाळेच्या जेवणघरात गाव जमतं, सॉसेज आणि अंडी खात सामना पडद्यावर पुन्हा बघतं आणि नॉर्बर्ट उभा राहून खुणा वाचतो. फादरच्या प्रवचनावर आमच्याकडे वाद घालतात, नॉर्बर्टच्या कागदावर कधी घातला नव्हता.

यंदा क्वार्टरबॅक दोन, मैदानात एका वेळी एकच; दोघेही शाळेच्या शेवटच्या वर्षाला. डाल्टन हा माझ्या भावाचा, लिऑनचा नातू. उंच, गोरा, नुसता चालत गेला तरी फोटो काढावासा वाटेल असा. दुसरा इसायास त्रेविन्यो. त्याची आई ओफेलिया शाळेच्या स्वयंपाकघरात असते. पोरगा बुटका, पण हात गोफणीसारखा. गावाची उभी दोन शकलं झाली. कुणाच्या अंगणात डाल्टनच्या सात नंबरची पाटी, कुणाच्या अंगणात इसायासच्या बारा नंबरची. चर्चमध्ये वेदीवरची फुलं बदलणाऱ्या आम्ही चौघी, त्यातही सात आणि बारा एका बादलीतलं पाणी घेईनात.

"तुमच्या सातने फेकलेल्या चेंडूला वाटेत झोप लागते गं!"

"आणि तुमचा बारा? प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांना टिपतो!"

आठ सामन्यांत दोघांना जवळपास सारख्याच फेकी मिळाल्या. नॉर्बर्टच्या कागदावर डाल्टनपुढे अकरा फुल्या, इसायासपुढे एकोणतीस. कोचने कागद पाहिला आणि इसायासला बाकावर बसवलं. शेवटच्या सामन्याला एका कॉलेजचा, शिष्यवृत्तीसाठी खेळाडू निवडणारा माणूस त्यालाच बघायला येणार होता. त्या माणसाने होकार दिला तर इसायास कॉलेजात जाणार, नाहीतर मामाबरोबर छपरं घालायला. पण बाकावर बसलेल्या पोरात तो बघणार काय?

मंगळवारी नॉर्बर्ट शाळेच्या स्वयंपाकघरातला हीटर दुरुस्त करायला गेला. ओफेलिया भांडी घासत होती. वर न बघताच तिने विचारलं, "मिस्टर नॉर्बर्ट, चेंडू छातीवर आपटून खाली पडला तर फुली कुणाला?"

"फुली नाहीच. झेलणाऱ्याला रेघ."

"मग माझ्या पोराच्या वेळेला रेघ विसरता वाटतं?"

घरी आला तो धुमसत. "एकोणीस वर्षं! आणि ही बाई मला शिकवते!" तिला खोटं पाडायचंच म्हणून आठही सामन्यांच्या फिती काढून बसला. त्या आठवड्यात सामना नव्हता. बुधवारी तावातावाने बघितलं, गुरुवारी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. शुक्रवारी दुपारी मी इस्त्री करत होते, तेव्हा त्याने टीव्ही बंद केला.

"चौदा," तो म्हणाला. "इसायासचे चौदा चेंडू झेलणाऱ्याच्या हातात होते आणि मी फुल्या मारल्या. आणि डाल्टनच्या सहा वाकड्या फेकींना रेघ."

इसायास पंधरा, डाल्टन सतरा. हिशेब माझ्याही डोक्यात झाला. "शेवटचा सामना होऊ दे, मग सांग," मी म्हटलं. "लिऑन माझा भाऊ आहे."

"मग सांगून त्या आकड्यांचं काय लोणचं घालू?"

सामना नसला म्हणून शनिवारची न्याहारी चुकत नाही. नॉर्बर्ट उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"बस खाली," लिऑन म्हणाला. "अंडी गार होतायत."

"आधी ऐक, लिऑन."

"काय ऐकू? ओफेलियाने आज तुला सॉसेज जास्त वाढलंय का रे?"

सगळे हसले. ओफेलिया किटली घेऊन तिथेच उभी होती.

"पेन्सिल माझी, चूकही माझी," नॉर्बर्ट म्हणाला. "पण तू माझ्या शेजारी बसतोस. तू ओरडलास की माझा हात चालला." आणि त्याने फीत लावली. इसायासने चेंडू फेकला. चेंडू अजून हवेत, झेलणारा अजून धावतोय, आणि फितीतला लिऑनचा आवाज जेवणघरभर घुमला, "वाकडी!" मग चेंडू येऊन झेलणाऱ्याच्या दोन्ही हातांत पडला आणि निसटला. दुसरी फेक, तिसरी फेक. प्रत्येक वेळी आवाज आधी, चेंडू नंतर. मागून कुणीतरी फिसकन हसलं. लिऑनने टोपी उचलली आणि ताट तसंच टाकून गेला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सात शेजारच्याला समेटाचा, शांतीचा हात द्यायची वेळ आली. नॉर्बर्टने हात पुढे केला. माझा सख्खा भाऊ गीतांचे आकडे लावलेल्या फळीकडे बघत राहिला, जणू त्याचा बाप्तिस्मा तिथेच लिहून ठेवला होता. सोमवारी आमच्या अंगणात कुणीतरी पाटी ठोकून गेलं, 'चष्मा बदला.' मी ती उपटून चुलीत घातली.

शेवटच्या सामन्याला तिसऱ्या रांगेतल्या दहा जागा रिकाम्या होत्या. लिऑन सगळं गोत घेऊन पार टोकाला बसला होता. मला या खेळातलं फारसं कळत नाही, पण मी जाऊन नॉर्बर्टशेजारी बसले. उत्तरार्धात कोचने इसायासला उतरवलं. पहिल्याच फेकीला टोकाकडून आरोळी आली, "वाकडी!" नॉर्बर्टची पेन्सिल कागदाच्या वर थांबली. चेंडू खाली आला, झेलणाऱ्याने छातीशी धरला. मग नॉर्बर्टने कागदावर गोल काढला.

सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. ते पापही गावाने नॉर्बर्टच्याच पदरात घातलं. कॉलेजचा माणूस मात्र पायऱ्या चढून वर आला. "सर, तो कागद बघू का?" त्याने आठ सामन्यांचे दुरुस्त केलेले आणि नववा, सगळे कागद उभ्याउभ्या वाचले आणि इसायासचं नाव आणि पत्ता वहीत उतरवून घेतला. खाली कुंपणापाशी ओफेलिया उभी होती. तिने वर बघून मान हलवली, एकदाच. आभार नव्हते ते, आणि असायचं कारणही नव्हतं.

आज मिस्सात मी मुद्दाम लिऑनच्या मागे बसले आणि हात मीच पुढे केला. तो कुजबुजला, "आधी नवऱ्याला तो कागद फाडायला सांग."

मी हात मागे घेतला. शत्रूला क्षमा करा, असं प्रभूने सांगितलं आहे आणि मी ती करीन. या आठवड्यात नाही.