यार्डात होता, पण सापडत नव्हता

कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे आम्हाला हवा असलेला कंटेनर बी लेनमध्ये, चौदाव्या जागेवर, खालून दुसरा होता. आम्ही नेमके त्याच जागेसमोर उभे होतो. खालून दुसरा कंटेनर निळा होता. आम्हाला हवा होता तो तपकिरी. नंबरही वेगळा होता.

यार्डचे मॅनेजर सावंत एकदा त्या निळ्या कंटेनरकडे आणि एकदा आमच्या देसाई सरांकडे बघत होते. सॉफ्टवेअर आमचं होतं. ते सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

दोन हजार दहाच्या आसपासची ही गोष्ट. पनवेलहून उरणकडे जाताना रस्त्याच्या कडेला कंटेनरची यार्ड लागतात. बंदरात उतरलेला माल आधी तिथे येतो, कस्टमची तपासणी होते आणि मग मालकाच्या ताब्यात जातो. कंटेनर एकावर एक, चार-चार थरांत रचलेले असतात. ते उचलणाऱ्या अवाढव्य गाडीला रीच स्टॅकर म्हणतात. कुठला कंटेनर कुठे ठेवला हे लक्षात ठेवायचं काम पूर्वी एक माणूस फळ्यावर खडूने करायचा. ते काम आता आमच्या सॉफ्टवेअरकडे आलं होतं.

मी त्या कंपनीत सगळ्यात नवी होते. त्याआधी काही वर्षं एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. संध्याकाळी क्लास लावून प्रोग्रामिंग शिकले. तिशी उलटल्यावर फ्रेशर म्हणून कोण घेणार, असं सगळेच म्हणत. जुन्या पनवेलमध्ये मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत देसाई सरांची छोटी कंपनी होती. त्यांनी मला उन्हाळ्यापुरतं घेतलं. जमलं तर पुढे बघू, म्हणाले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनीही माझी जागा अजून भरली नव्हती. येणार की नाही ते शनिवारपर्यंत कळव, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. थोडक्यात, दोन्हीकडे एकेक पाय होता, आणि खरं सांगायचं तर मन शाळेकडे झुकायला लागलं होतं. ऑफिसात बाकीचे जे बोलायचे त्यातलं अर्धं मला कळत नसे.

तर हा तपकिरी कंटेनर. त्यात आखातातून परत येणाऱ्या काही कुटुंबांचं घरसामान होतं. त्यातले एक लतीफभाई, मूळचे उरणचे. रोज सकाळी यायचे आणि गेटजवळच्या बाकावर बसून राहायचे. त्यांचं फ्रीज, सोफा, कपाटं सगळं आत होतं, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलत नव्हते. त्यांच्या मुलीची बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आत होती. तिच्या पाठीच्या मापाने खास बनवून घेतलेली. बॅटरीमुळे विमानात घेतली नाही, म्हणून सामानाबरोबर पाठवावी लागली. साध्या चेअरवर तिला ताठ बसता येत नसे. आणि रविवारी तिची प्रवेशपरीक्षा होती.

मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, बाकीचं सामान महिन्याने मिळालं तरी चालेल. फक्त खुर्ची काढता येईल का?"

कंटेनर सापडला की काढू, असं मी म्हणाले.

"मी तिला म्हटलं, मी उचलून नेतो, त्यात काय. तर म्हणते, अब्बा, उचलून नेणार असाल तर मी परीक्षेलाच जात नाही." त्यांनी पाण्याचा ग्लास परत दिला. "अठरा वर्षांची आहे. तिचंही बरोबर आहे."

त्या दिवशी मंगळवार होता.

सावंतांचा निष्कर्ष तयार होता. स्टॅकर चालवणाऱ्याकडे एक हॅन्डहेल्ड असतो, म्हणजे जाडजूड मोबाइलसारखं यंत्र. कंटेनर खाली ठेवला की त्याने त्यात कंटेनरचा नंबर आणि जागा दाबायची. ते वायरलेसने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पोहोचतं. हा कंटेनर हलवला होता घरतांनी. पांडुरंग घरत, चिरनेरचे, पन्नाशीला आलेले. त्यांनी जागा चुकीची दाबली, असं सावंतांनी ठरवलं. घरतांना स्टॅकरवरून उतरवून गेटवर बसवलं होतं. चूक सिद्ध झाली तर त्यांचं कंत्राट संपणार होतं.

घरतांना मी विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, दिवसाला शंभर बॉक्स उचलतो आमी. ह्यो कुठं ठेवला ते आता ध्यानात नाय. पण ठेवला तितलीच जागा दाबली, ह्ये नक्की हाय."

यार्डात कंटेनरला बॉक्सच म्हणतात. घरतांच्या बोलण्यात पुरावा काहीच नव्हता. आणि आमच्या कंपनीला सावंतांचा निष्कर्ष फार सोयीचा होता. माणूस चुकला म्हणजे सॉफ्टवेअर सुटलं. देसाई सर मला म्हणाले की, उद्याचा दिवस तू इथे थांब, सगळं तपासून घे, आणि ऑपरेटरची चूक आहे असा छोटा रिपोर्ट लिहून दे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

बुधवारी मी तपासायला बसले. यार्डभर माणसं पाठवून शोधणं चालूच होतं, पण आतल्या रांगेतल्या कंटेनरचा नंबर बाहेरून दिसत नाही. एकेक हलवून बघायचं तर आठवडा गेला असता.

आधी नंबर चुकीचा दाबला गेला का ते पाहिलं. कंटेनरच्या नंबरमधला शेवटचा आकडा इतर अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला की हिशोब जुळत नाही. मी मुद्दाम चुकीचे नंबर दाबून पाहिले. हॅन्डहेल्डने ते घेतले नाहीत. म्हणजे नंबर बरोबर होता.

मग जागा. सहज म्हणून मी त्या निळ्या कंटेनरचा नंबर टाकून शोधला. तोही बी लेन, चौदा, खालून दुसरा. एकाच जागेवर दोन कंटेनर.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की मी उत्तराकडे बघतच नसे, पायऱ्या वाचत जायची. तेच केलं. भरलेली जागा दाबली की हॅन्डहेल्डवर इशारा येतो. आता घरतांनी तपकिरी कंटेनरची जागा चुकीची दाबली, असं धरून चालू. ती निळा ठेवल्यानंतर दाबली असती, तर जागा भरलेली आहे असा इशारा घरतांना दिसला असता. निळा ठेवण्याआधी दाबली असती, तर तो इशारा निळा ठेवणाऱ्याला दिसला असता. निळा ठेवणाऱ्या ऑपरेटरला जाऊन विचारलं. तो म्हणाला, कसलाही इशारा आला नाही. घरतही तेच म्हणाले. म्हणजे निळा ठेवला तेव्हा ती जागा कॉम्प्युटरच्या लेखी रिकामी होती. आणि नंतर कोणीही काही न दाबता तपकिरी कंटेनर तिथे येऊन बसला होता.

असं होऊ शकतं का, हे बघायला यार्डात उतरणं भाग होतं. मी घरतांना बरोबर चला म्हणाले. गेटवर बसून ते कंटाळले होते, लगेच उठले. चाचणीसाठी आम्ही एक खोटा, पण शेवटच्या आकड्याचा हिशोब जुळणारा नंबर वापरला. बी लेनमध्ये दोन्ही बाजूंना चार-चार थर लोखंड. आत शिरल्यावर हॅन्डहेल्डवरची सिग्नलची रेघ गेली. घरतांनी नंबर आणि बी लेनमधली जागा दाबली. स्क्रीनवर आलं, सेव्ह झालं. सिग्नल नव्हता तरी.

तिथून आम्ही ऑफिससमोरच्या डी लेनमध्ये आलो. तिथे सिग्नल पूर्ण होता. त्याच खोट्या कंटेनरची नवी जागा दाबली, डी लेनमधली. पुन्हा सेव्ह झालं.

ऑफिसात जाऊन पाहिलं. कंटेनर डी लेनमध्ये दिसत होता. अगदी बरोबर. माझी सगळी हवा गेली. घरत दाराशी उभे राहिले. मी चहा मागवला. चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर कंटेनरची जागा आपोआप बदलली. बी लेन.

मी घरतांना हाक मारली आणि स्क्रीन दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. "आमी तर हितंच हाव. कोणी दाबलाच नाय," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले. तोवर ते माझ्यासमोर एकदाही बसले नव्हते.

झालं होतं ते असं. सिग्नल नसताना दाबलेली माहिती हॅन्डहेल्ड स्वतःकडे ठेवून घ्यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पाठवायचा प्रयत्न करायचा. तेवढ्यात सिग्नल असलेल्या जागेवरून नवी माहिती निघाली, तर ती आधी पोहोचायची. अडकलेली जुनी माहिती मागाहून पोहोचायची, आणि कॉम्प्युटर तिलाच ताजी समजायचा. समजा, आईने सकाळी निरोप धाडला की मी पनवेलला आहे, आणि दुपारी धाडला की मी नेऱ्याला आले. सकाळचा निरोप तुम्हाला संध्याकाळी मिळाला, तर तुम्ही तिला पनवेलला शोधत बसाल. आमचा कॉम्प्युटर तेच करत होता. तपकिरी कंटेनर आधी बी लेनमध्ये ठेवला होता, मग तिथून हलवला, त्या रिकाम्या जागी निळा आला, आणि तपकिरीचा बी लेनचा जुना निरोप त्यानंतर पोहोचला. शिवाय अशा उशिरा आलेल्या माहितीला जागा भरलेली आहे का, ही तपासणीच लागू नव्हती.

मी देसाई सरांना फोन केला. ते रिक्षा करून आले. उलव्याच्या बांधकामांकडे जाणाऱ्या डंपरांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे येईपर्यंत वैतागलेले होते. मी त्यांना सगळं पुन्हा करून दाखवलं. मग विचारलं, "सर, अडकलेली माहिती पाठवायचा हा भाग कोणी लिहिलाय? त्यांच्याशी बोलायला हवं."

"मी लिहिलाय," सर म्हणाले.

आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. उन्हाळ्यापुरती घेतलेली बाई मालकाच्याच कोडमधली चूक काढून बसली होती. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, पुन्हा एकदा दाखव. मी दाखवलं. मग ते उठले आणि सरळ सावंतांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले.

"सावंत साहेब, ऑपरेटर चुकलेला नाही," सर म्हणाले. "चूक आमच्या प्रोग्रामची आहे. माझी आहे. घरतांना तेवढं स्टॅकरवर परत घ्या, आत्ताच. कंटेनर काढायला तेच लागतील."

सावंत चिडले. सॉफ्टवेअर बंद करून फळा परत आणतो म्हणाले, आणि आणखीही बरंच बोलले. सरांनी ऐकून घेतलं. पण सावंतांनी वॉकीटॉकी उचलून घरतांना बोलावलं, हेही खरं.

कंटेनर शोधणं आता सोपं होतं. प्रत्येक माहितीबरोबर ती कधी दाबली ती वेळ हॅन्डहेल्ड पाठवत होताच. आम्ही ती वापरत नव्हतो एवढंच. कधी पोहोचली हे सोडून कधी दाबली या क्रमाने सगळ्या हालचाली मी पुन्हा लावल्या. तपकिरी कंटेनर डी लेनच्या टोकाला, सगळ्यात खाली, दोन रिकाम्या कंटेनरखाली निघाला. आणखीही काही कंटेनर चुकीच्या जागी दिसत होते, पण त्यांच्या मालकांना अजून पत्ता नव्हता.

घरतांनी वरचे दोन उचलून बाजूला ठेवले. खालचा तपकिरी होता. मी जवळ जाऊन नंबर वाचला, मग सरांनी वाचला, मग सावंतांनी. बरोबर होता. मी तिथल्या लाकडी ओंडक्यावर बसले. लतीफभाई गेटवरून धावत आले. त्यांनी कंटेनरच्या दारावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. वरून घरतांनी त्यांना हात केला.

कस्टमसमोर कंटेनर शुक्रवारी उघडला. व्हीलचेअर सगळ्यात आत, गाद्यांच्या मागे होती. ती बाहेर काढायला अख्खा दिवस गेला, पण शनिवारी दुपारी टेम्पोत चढली. रविवारी मुलगी परीक्षेला गेली. नंतर लतीफभाई खजुराचा डबा घेऊन आले तेव्हा पेपर कसा गेला म्हणून मी विचारलं. फार अवघड होता म्हणाले. खुर्ची मात्र छान चालली.

शाळेला मी शनिवारी नाही म्हणून कळवलं. बाईंनी कारण विचारलं. मी म्हणाले, इथेही मुलांचे पेपर तपासल्यासारखंच काम आहे, फक्त मुलं मोठी आहेत. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. देसाई सरांनी मला कायम केलं आणि पहिलं काम दिलं ते स्वतःचाच तो भाग नव्याने लिहायचं. सावंतांनी फळा आणला नाही, पण आमच्याकडे हसून बघायला त्यांनी पुढची दिवाळी उजाडू दिली.

आता मी स्वतः मुलाखती घेते. या क्षेत्रात यावं का, कुठली लँग्वेज शिकावी, असं मुलं विचारतात. कुठलीही एक नीट शिका, असं मी सांगते. लिहिण्यापेक्षा काय घडलं ते शोधण्यातच जास्त वेळ जातो, तेव्हा त्याची आवड असेल तर या. आणि एक सवय लावून घ्या. माणसाची चूक आहे असं एकदा ठरलं की, प्रोग्राम तपासणं तिथेच थांबतं. म्हणून तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.