डेसी क्रमची बिनआवाजी फिर्याद

मूकपटांत शिडीवरून पडण्यात डेसी क्रमचा हात धरणारं अख्ख्या लॉस एंजेलिसात कुणी नव्हतं. सोळा पायऱ्या गडगडत यायचं, टोपी डोक्यावर, हातातला केक शाबूत, आणि जमिनीवर टेकल्यावर तोच केक स्वतःच्या तोंडावर आपटायचा. हे पडणं तिनं स्वतः रचलं होतं, त्यापायी खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं.

दिग्दर्शक लूथर पेल म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. पडद्यावर अक्षरं झळकली, 'शिडीची करामत: लूथर पेल'. डेसी मूग गिळून बसली. मग पेलनं कोरिन नावाच्या नवख्या नटीशी लग्न केलं, आणि कानामागून आलेली ती तिखट झाली. नव्या मूकपटाची नायिका कोरिन. पडायला मात्र कोरिनसारख्या केसांचा टोप घालून डेसी.

"तोंड दाखवू नकोस हं," पेल म्हणाला. "कोरिनच पडलीय असं वाटलं पाहिजे."

"आणि मी?"

"तुला घरमालकिणीचं काम देतो ना. खिडकीतून भांडायचं. सोड तोंडाचा पट्टा, वाट्टेल ते बोल. ऐकतंय कोण?"

ऐकतंय कोण, हे शब्द तिच्या काळजात रुतले. तिची आई हॅटी जन्माची बहिरी. घरी डेसी आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची आणि हॅटीला शब्दन् शब्द कळायचा. पेलनं तिला दहा मूकपटांत पाडलं, आपटलं, पण त्या मेल्यानं तिच्या ओठांकडे कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

कॅमेरा फिरू लागला. डेसी खिडकीत हात नाचवत भांडली, घशातून मात्र हूं की चूं नाही.

"वा! अजून चीड," पेल हसत म्हणाला.

ती अजून चिडली. त्यासाठी तिला काही करावं लागलं नाही.

पहिल्या खेळाला तिनं हॅटीला आणि बहिऱ्यांच्या मंडळातल्या चाळीस जणांना पुढच्या रांगांत बसवलं. 'कोरिन' पडली, थिएटर हसलं. मग खिडकीत डेसीचा पडदाभर चेहरा आला, ओठ म्हणत होते: ते पडणं माझं आहे. टोपाखाली मी आहे. लूथर पेल चोर आहे.

मागचे लोक हसतच होते. पुढच्या रांगा एकदम थिजल्या. दिवे लागताच हॅटीनं ते शब्द कागदावर लिहिले आणि मागे बसलेल्या बातमीदाराच्या हातात ठेवले. चाळीस माणसं वळली, चाळीस बोटं पेलकडे रोखली गेली. पेल खुशीत उठून वाकला.

"डेसी, काय म्हणताहेत गं ते? आवडलं ना त्यांना?"

डेसीनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द, नुसत्या ओठांनी. पेल पहिल्यांदाच तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता, आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं. त्याच्या पाठीमागे बातमीदार तो कागद शेजाऱ्याला वाचून दाखवत होता.