तुटकी रताळी

पेणजवळच्या गडब गावात, घरामागच्या उंचवट्यावर आमचा रताळ्यांचा मळा होता. पौषात वेल पिवळे पडले की खणणी सुरू व्हायची. काढलेली रताळी पडवीत सावलीला पसरायची आणि साल सुकली की पेंढा अंथरलेल्या खड्ड्यात, कोरड्या वाळूच्या थरांत ठेवायची. महाशिवरात्रीच्या उपासाला पेणच्या बाजारात त्यांना भाव यायचा. कुदळ लागलेलं एकही रताळं आत जाता कामा नये. एक सडलं की खड्डा सडायचा.

थोरल्या काकांचा नियम होता, ज्याच्या हातून तुटलं त्यानंच ते खायचं. तुटकी संपेपर्यंत त्याला भात नाही.

नियम लागायचा तो फक्त आत्याला. ती काकांची धाकटी बहीण, नवरा वारल्यावर आमच्याकडे आलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी खणायला तिलाच बसवायचे.

"दादा, मना नीट दिसत नाय."

"खायला दिसतंय ना?" काका हसायचे.

सकाळ-संध्याकाळ ती नुसती उकडलेली रताळी खायची आणि पोट धरून पडवीत बसायची. एकदा आईनं तिला लपवून भात वाढला. काकांनी ते ताट उचलून कुत्र्यापुढे पालथं केलं. वडील शेजारीच जेवत होते. ते जेवत राहिले.

शेवटी आत्यानं कुदळ टाकली आणि हातांनी माती उकरायला लागली. चाचपत चाचपत एकेक रताळं अख्खं काढलं. मला वाटलं, सुटली बिचारी. काकांनी टोपली बघितली.

"जमतंय की! आता सगळा मळा असाच काढ."

जमीन सुकून दगड झाली होती. तिची नखं उखडली, एक बोट पिकून काळं पडलं. पेणच्या डॉक्टरांकडे नेताना तिचा हात धरायला मी होते. बोट कापावं लागलं. कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आंधळी हाय, कुठं हात घालते तिला कळत नाय," काका म्हणाले. आत्या खाली मान घालून ऐकत होती.

पुढे तिची नणंद रोह्याजवळच्या अष्टमीहून आली आणि "चल गो माझ्याकडं" म्हणून तिला घेऊन गेली. आमच्याकडे कुणी अडवलं नाही. खणणी संपली होती.

पुढच्या पौषात काकांनी आईच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"हातांनीच काढ. तुझे तर डोळे चांगले हायत."

आईनं वडिलांकडे बघितलं. ते बैलाला वेल घालत होते. मग ती मातीत बसली.