व्हर्नाबाईंचा विसावा

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात डेन्झिल ट्रेगेन्झा कोण, असं विचारलं तर लोक डोकं खाजवतील. ‘व्हर्नाबाईंचा डेन्झिल’ म्हणा, लगेच घर दाखवतील. साठी उलटली तरी गडी आईच्याच नावानं ओळखला जाई. आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यानं धान्याच्या कोठारावरची नोकरी सोडली. तेव्हापासून तिला उठवणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं, गोळ्या देणं आणि दिवसभर तिची बोलणी खाणं, हाच त्याचा उद्योग. घरच्या माणसाची सेवा करतो म्हणून सरकार दर पंधरवड्याला थोडे डॉलर देई, त्यावर दोघांचं भागे. बोलणी मात्र फुकटात.

एका सकाळी तिला टबातून बाहेर काढताना डेन्झिलच्या पाठीत अशी कळ आली, की तो फरशीवरच बसला.

“अरे, आता मला कोण काढणार?” आई टबातून ओरडली.

“आधी मला कोण उठवतंय ते बघू.”

शेवटी शेजारच्या ग्लेनिसनं येऊन दोघांना उभं केलं आणि घरच्यांची सेवा करणाऱ्यांसाठीच्या सरकारी मदतकेंद्राला फोनही तिनंच लावला.

तिथून विकी पापास आली. खणखणीत आवाजाची, कामाला वाघ.

“डेन्झिल, शेवटची सुट्टी कधी घेतलीस?”

“बाबा होते तेव्हा.”

“आणि बाबा जाऊन?”

डेन्झिल आढ्याकडे बघून हिशेब करू लागला. विकीनं त्याला थांबवलं. “राहू दे. दोन आठवडे आई शेजारच्या काडिना गावच्या वृद्धाश्रमात राहील. बराचसा खर्च सरकारचा. तू नुसता आराम करायचास. मेहेरबानी नाही ही, हक्क आहे तुझा.”

“टाक!” आतून व्हर्नाबाई कडाडल्या. “गावाला जाताना कुत्रं ठेवतात तसं ठेव मला! परत येशील तेव्हा माझा फोटो तेवढा मिळेल भिंतीवर!”

काडिनापर्यंत त्या गाडीत एक अक्षर बोलल्या नाहीत. डेन्झिलला ती शांतता शिव्यांपेक्षा जड गेली.

दुसऱ्या दिवशी तो गळ घेऊन समुद्राच्या धक्क्यावर गेला. मासा लागेना, मन लागेना. बाकावर एक अनोळखी म्हातारी बसली होती. “वारा गार आहे, वरचं बटण लावा,” हा म्हणून गेला. ती पर्स छातीशी धरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. घरी येऊन चहा केला, तर सवयीनं दोन कप झालेला. मग त्यानं आश्रमात फोन केला.

“व्हर्नाबाई आत्ता फोनवर यायच्या नाहीत,” तिकडची परिचारिका म्हणाली. “डाव रंगलाय त्यांचा.”

डेन्झिलचा विश्वास बसेना. तो थेट गाडी काढून काडिनाला गेला. दिवाणखान्यात पत्त्यांचं टेबल, मधोमध आई. केस कुरळे केलेले, ओठांना लाली. भोवती पाचसहा पिकली डोकी.

“आलास?” ती म्हणाली आणि टेबलाकडे वळली. “हा माझा डेन्झिल. गुणी आहे हो, पण एकट्याचं काही जमत नाही त्याला. सगळं मलाच बघावं लागतं. शेवटी सरकारच म्हणालं, बाई, थकलात, जरा विसावा घ्या.”

सगळ्यांनी डेन्झिलकडे कळवळून पाहिलं. लॉरी नावाच्या टकल्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, नेमका दुखऱ्या जागी. “आईला आराम करू दे हं. अंडं उकडता येतं ना?”

डेन्झिलनं तोंड उघडलं. आईचा चेहरा दिसला. कितीतरी वर्षांत ती अशी ताठ बसली नव्हती. त्यानं तोंड मिटलं.

“येतं,” तो म्हणाला. “जरा कच्चं राहतं.”

गाडीत बसल्यावर आधी त्याला राग आला, मग हसू. पाठीत कळ येईपर्यंत तो हसला.

दोन आठवडे संपले तेव्हा आईनं कळवलं, “अजून आठवडाभर राहते.” आता मात्र डेन्झिल रुसला. माझ्या हातचं काय वाईट होतं, असं त्यानं ग्लेनिसला दोनदा विचारलं. ग्लेनिस म्हणाली, “स्वयंपाक सोडून काही नाही.”

तीनचार दिवसांनी भर दुपारी फोन वाजला.

“डेन्झिल, गाडी काढ. ने मला इथून.”

“आई! पडलीस का?”

“पेस्टीत गाजर घातलंय मेल्यांनी!”

इंग्लंडातून इथल्या खाणीवर आलेल्या कॉर्निश पूर्वजांची पेस्टी म्हणजे भाजलेली मोठी करंजी; आत खिमा, बटाटा, कांदा आणि सलगम. त्यात गाजर म्हणजे पुरणपोळीत लसूण. डेन्झिलनं वाद न घालता गाडी काढली.

पुढे विकीनं दर बुधवारी दुपारी घरी एक मदतनीस यायची सोय लावून दिली. पहिल्या बुधवारी डेन्झिल गळ घेऊन दारातच घुटमळत राहिला.

“जा रे बाबा एकदाचा!” आई म्हणाली. “आश्रमाच्या गाडीनं लॉरी येणार आहे पत्ते खेळायला.”

“मग चहाबिहा करून ठेवू?”

“नको. तुला येत नाही, असं सांगितलंय मी त्याला.”

डेन्झिल धक्क्यावर गेला, गळ टाकला आणि बसल्या बसल्या डुलकी लागली. समुद्रपक्ष्यांनी आमिषाचा अख्खा डबा फस्त केला, तरी त्याला जाग आली नाही.