रफूवालीने मागितलेली शपथ

रफूवाली म्हणूनच तिला सगळा बाजार ओळखायचा. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला, इस्त्रीच्या वाफेत तिची खुर्ची. सिगरेटने जळलेला कोट असो नाहीतर खिळ्यात अडकून फाटलेली पँट, आतल्या शिवणीतले धागे ओढून ती भोक असं बुजवायची की गिऱ्हाईक बोट फिरवत शोधत बसायचं. कुणाला उलटून बोलायची नाही. मनातलं सगळं देवाला सांगायची, टाके घालता घालता, ओठ हलवत.

"लागला का गं वर फोन?" इस्त्रीवाला चिडवायचा.

"लागेल तेव्हा लागेल," ती म्हणायची.

त्या वर्षी देवाच्या कानाशी तिची एकच भुणभुण होती. नवरा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभरच्या लिफ्ट बिघडायच्याच, पण बाजारामागच्या एका इमारतीतल्या लिफ्टने पार ताळ सोडला होता. दर आठवड्याला बंद पडायची, आणि तीही नेमकी संध्याकाळी, याची दाढी-आंघोळ उरकल्यावर! बरं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस परत येतो आणि अंगावर ग्रीसचा एक डाग नाही? आंधळ्यालाही कळलं असतं. हिलाही कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी जेवताना एकदा तोंडातून निघालंच. "अहो, तिथे कुणी आहे का?"

"डोकं फिरलंय तुझं."

"मग शपथ घ्या." आणि शेजारी जेवत बसलेल्या मुलीला तिने दंडाला धरून पुढे ओढलं. अकरा वर्षांची पोर, तोंडातला घास तोंडात. "हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा."

रफूवालीच्या लेखी शपथ म्हणजे शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललात तर लेकरू जातं, संपलं. त्यात तिला तिळभर शंका नव्हती. नवऱ्याच्या लेखी ते चार शब्द होते. "हिची शपथ, कुणी नाही," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

रफूवालीचा जीव भांड्यात पडला. कुठला बाप लेकीच्या जिवावर उठेल? काही आठवडे ती गुणगुणत टाके घालत होती. "लागला वाटतं फोन!" इस्त्रीवाला म्हणाला, तेव्हा चक्क लाजली.

मग एका आजारी गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला मालकाने तिला नेमकं त्याच इमारतीत पाठवलं. लिफ्टपाशी ती थबकली. "चालू आहे का हो ही?"

"ही?" पहारेकरी छाती फुगवून म्हणाला. "बाई, वर्षभरात एकदा बंद पडली असेल तर नाव बदलेन!"

ती वर गेली. गिऱ्हाइकाच्या समोरच्याच दाराबाहेर नवऱ्याचे बूट होते. डाव्या बुटाची नाडी तिनेच आदल्या दिवशी बदलली होती. आतून एका बाईचं आणि त्याचं हसणं ऐकू येत होतं. असं मोकळं तो घरी कधी हसला नव्हता.

दुसरी एखादी असती तर दार बडवलं असतं, त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या मनात ना नवरा आला ना ती बाई. पोर! कोट तिथेच टाकून ती जिन्याने धावत सुटली ती थेट घरी. पोर दारात दोरीवरच्या उड्या मारत होती. रफूवालीने आधी दोरी हिसकावून घेतली आणि मग रडली.

तिथून पोरीचे हाल सुरू झाले. पोहणं बंद. सायकलला कुलूप. रस्ता ओलांडताना मनगट असं धरायची की वळ उठायचे. पोर नुसती शिंकली तरी हिचा चेहरा पांढराफटक. "मी काय केलंय गं?" पोर विचारायची. ही सायकलचं कुलूप ओढून बघायची.

तिने नवऱ्याचे पाय धरले. "मी भांडणार नाही. खुशाल जा तिच्याकडे. फक्त एकदा तोंडाने खरं सांगा. शपथ मागे घ्या, पोर सुटू दे."

त्या हलकटाने तिच्याकडे नीट बघितलं, आणि आपल्या हाती काय लागलंय ते त्याला कळलं. "मी खरीच शपथ घेतलीय," तो म्हणाला. "तुला खोटी वाटते? मग पोरीच्या जिवावर तू उठलीयस, मी नाही." पुढे तर कहर केला. जेवायला उशीर झाला, शर्टाला इस्त्री नसली, की पोरीच्या डोक्याकडे हात न्यायचा. "घेऊ का आणखी एक?" रफूवाली थिजून जायची, आणि त्याला हसू यायचं.

मग पोरीला साधा सर्दीताप आला. डॉक्टरने गोळ्या देऊन परत पाठवलं. रफूवाली उशाशी बसून पुटपुटत होती, "देवा, त्याचं खोटं माझ्यावर घाल, हिच्यावर नको."

पोर जागी होती. "बाबा खोटं बोलले ते मला माहितीय," ती म्हणाली. "मला नेलं होतं ना त्या काकूंकडे. म्हणाले, लिफ्ट नीट चालते का बघ, वर-खाली करत राहा. मी किती वेळ एकटीच वर-खाली करत होते."

"कधी?"

"तू शपथ मागितलीस त्याच्या आधी."

रफूवालीने पोरीचा तापलेला हात उचलून स्वतःच्या डोक्यावर दाबला. "माझी शपथ घे. म्हण, तिथे कुणी नव्हतं." तिच्या मते हा सरळ उपाय होता. पोर तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलली, की पोरीवरचं मरण आईवर येणार होतं.

"नको! तू मरशील."

"घे म्हणते ना!"

पोर बघत राहिली. पोहणं, सायकल, मनगटावरचे वळ, सगळ्याचा अर्थ तिला एकदमच लागला. "म्हणजे मी मरणार होते?"

आईने तिचा हात डोक्यावरून हलू दिला नाही.

"पण आई, बाबा तर जेवत होते. मला पुढे तूच ओढलंस."

रफूवालीने तो हात आणखी घट्ट दाबला. "घे."

पोरीने डोळे पुसले. "तुझी शपथ, तिथे कुणी नव्हतं," म्हणाली. बापासारखीच, एका दमात, न अडखळता. आणि रफूवालीने, अहो, देवाचे आभार मानले!

ताप उतरला. रफूवालीलाही काही झालं नाही, ती अजून त्याच खुर्चीत बसून टाके घालते. फक्त पोर त्या दिवसापासून तिला डोक्याला हात लावू देत नाही. वेणीसुद्धा स्वतःच घालते, वाकडीतिकडी.