साडभाऊंचा रिकामा डबा

हरणांवर आमच्या साडूंइतका जीव लावलेला आणि हरणांनीच वाळीत टाकलेला माणूस सबंध केळापूर तालुक्यात दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. आम्ही एकमेकांना साडभाऊ म्हणतो. मी पांढरकवड्याला जिनिंगमध्ये कारकून. आठवडाभर कापसाच्या धुळीत खोकून रविवारी जरा पाठ टेकावी म्हणून त्यांच्या गावी जायचो आणि सोमवारी पोटऱ्या चोळत कामावर परतायचो, कारण त्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी जंगल दाखवत. जंगलाच्या तोंडाशी ते वहाणा काढत, मलाही काढायला लावत. "सागाचा पाला लय चुगलखोर, साडभाऊ. आवाज करू नोका." काटे माझ्या पायात मोडायचे, ते मात्र खूर दिसला की उकिडवे बसलेच. माझ्या लग्नाची परतीची बैलगाडी त्यांनी अशीच भर उन्हात थांबवली होती. मी नव्या कोटात घामानं निथळतोय, नवरी कंटाळून पेंगतेय आणि हे धुळीत बोट घालून सांगताहेत, "मादी हाय. मागचा पाय दुखून राह्यला बिचारीचा." सदऱ्याच्या खिशात ताज्या लेंड्या असायच्याच. धुण्याच्या वेळी त्या हाती लागल्या की ताई कपाळावर हात मारून घेत. "लोकाईच्या नवऱ्याच्या खिशात सुपारी निंगते, अन् माह्या नशिबात हे!"

पूर्वी साहेब लोक शिकारीला आले की गावातून हाकारे जात आणि डबे बडवत जनावरं बंदुकीच्या तोंडाशी आणून सोडत. त्यात साडभाऊ सगळ्यांत पुढे, कारण कळप कुठं बसतो हे त्यांनाच ठाऊक. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, पंचशील आलं आणि त्यांनी हाक्याला जाणं सोडलं. तिथंच थांबले असते तर माझ्या पोटऱ्या वाचल्या असत्या. पण हाकारे दुसऱ्या गावाहून येऊ लागले, तेव्हा यांनी उलटा हाका सुरू केला. डाकबंगल्याचा खानसामा बाजारात अंडी घेताना दिसला की साहेब येणार हे नक्की. मग जीप यायच्या आत हे रॉकेलचा रिकामा डबा बडवत चितळांचा कळप पार नाल्यापलीकडे पिटाळत. तिथवर डबा वाहून न्यायचं काम माझ्याकडे.

कळप वाचला, पण साडभाऊंची ओळख हरणांच्या नाकात बसली. हे मोहाच्या झाडाखाली कितीही निपचित पडून राहोत, लांबून एक मादी ओरडायची आणि जंगल रिकामं व्हायचं. "मले भेऊन पयतात, त बंदूकवाल्याले भेऊनही पयतीन. चांगलंच हाय," असं ते म्हणत, पण तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. पुढं पुढं ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बरडीच्या उंचवट्याआड डब्यावर बसून राहत आणि मला पुढं धाडत. मी थकूनभागून परतलो की चौकशी सुरू. कानफाटी होती काय? कान फाटलेली ती मादी त्यांची सगळ्यांत लाडकी.

एकदा मोहाच्या दिवसांत मी धापा टाकत आलो आणि म्हणालो, "कानफाटीला पाडस झालंय. अंगावरचे ठिपके अजून ओले वाटतात."

ते ताडकन उठले. "त्याले माहा वास ठावा नसंन अजून!" असं म्हणून दोन पावलं गेलेही. मग थांबले. आदल्या दिवशी खानसाम्यानं अंडी नेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते परत फिरले आणि डबा हातात घेतला.

"एकदा बघून तरी घ्या," मी म्हणालो.

"माह्याजवळ लाडानं आलं, अन् उद्या ते जीपजवळ लाडानं गेलं, त? तुमी जा साडभाऊ. पोटभर पाहून घ्या. मंग वाजवतो."

मी गेलो, त्यांच्या वाटचंही पाहून घेतलं आणि लांबून हात वर केला. त्यांनी डबा असा बडवला की कानफाटी उडी मारून पळाली आणि पाडस लटपटत तिच्या मागं गेलं.

परतताना नाल्याच्या ओल्या रेतीत तो नवा खूर उमटलेला दिसला. साडभाऊ उकिडवे बसले. नेहमीसारखं त्यात बोट घातलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. "एवढूसाच हाय," म्हणाले. घरी चहा वाट बघत होता आणि माझे पाय बोलत होते, तरी मीही त्यांच्या शेजारी रेतीत बसलो.