बाजारभेटीचा पेपर

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात विद्यापीठाकडे एकच गोष्ट मागितली, आणि विद्यापीठानं ती दिली. दिली नसती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत होते आणि सर विभागप्रमुख होते. मी त्यांचीच विद्यार्थिनी. निवृत्ती अगदी जवळ आली असताना अभ्यास मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि बी.ए.चा अभ्यासक्रम बदलायच्या समितीत त्यांनी मलाही ओढलं. समितीत बाई मी एकटीच, म्हणून टिपणं काढायचं आणि चहा सांगायचं काम न सांगताच माझ्या गळ्यात पडलं.

अभ्यासक्रम बदलायलाच हवा होता. इंग्लंडातले धान्य कायदे आमच्या पोरांना तोंडपाठ होते, पण इतवारीच्या बाजारात तुरीचा भाव कोण ठरवतं असं विचारलं की वर्गातले पंखे मोजायला लागायची. समवृत्ती वक्र काढायला सांगा, रांगोळी घातल्यासारखा काढून देत. एवढं शिकून ती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभी राहत. मुलाखतीत विचारत, माल पाहून किंमत सांगता येते का, हिशेब तपासता येतो का? वक्राची कुणालाच गरज नसे.

त्या रांगेत सरांचा मुलगाही होता. अर्थशास्त्राचा एम.ए., तोही फर्स्ट क्लास. त्याला खरं म्हणजे लेथचं काम शिकायचं होतं, पण प्राध्यापकाचा मुलगा लेथवर कसा जाईल? सरांनी त्याला आपलाच विषय घ्यायला लावला. आता तो घरी बसून होता. पाहुणे आले की पुढच्या खोलीतून उठून परसात जायचा आणि ते जाईपर्यंत तिथंच थांबायचा. एकदा मीच त्याच्यामागे गेले. तो सायकलचं चाक काढून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी काही करून नाही राहिलो, हे सगळ्यांले दिसते. काय करू, ते कोणी सांगत नाही."

मी शेजारी पडलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला.

समितीत सर बोलायचे ते सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल, पण मला त्यातला एकच दिसायचा. त्यांना एक नवा पेपर हवा होता. प्रत्येक विद्यार्थ्यानं बाजारात, गिरणीत किंवा पतपेढीत जायचं, तिथं काम कसं चालतं ते पाहायचं, चार माणसांशी बोलायचं आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं. "पोरगं एकदा बाजारात उभं राहिलं," सर म्हणायचे, "की त्याले समजते, आपल्याले काय येते आन् काय नाही. मंग ते शिकते."

पेपर ठरवण्याआधी स्वतः बाजार पाहायचा म्हणून एका सकाळी ते निघाले. मला बोलावलं, मुलालाही जवळजवळ हाताला धरून आणलं. लकडगंजच्या बाजूला मिरचीचा घाऊक बाजार होता, तिथं आम्ही गेलो. लाल ढिगांच्या मधून वाट. एका अडत्यानं खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला, व्यापाऱ्यानं त्याखाली हात घातला, आणि दोघं एकमेकांची बोटं दाबून भाव करू लागले. तोंडानं चकार शब्द नाही. भाव मोठ्यानं बोलायचा असा कायदा होता. कायदा मी वर्गात शिकवत असे.

सर नीट दिसावं म्हणून ढिगाला अगदी खेटून उभे राहिले आणि त्यांना ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून धारा, टोपी खाली, बोलता येईना. एका हमालानं लोटाभर पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "काहून गा मास्तर, घरी मिरची नाही खात का?" सरांचा मुलगा खो खो हसला. त्याला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग तो तिथंच रेंगाळला, अडत्याशी बोलला, आणि परतताना कुठल्या बोटाचा काय अर्थ ते मला माझ्याच पिशवीखाली हात घालून समजावून सांगत राहिला. सर दोन पावलं मागे राहून ऐकत होते.

"पाहिलं का?" मला हळूच म्हणाले. "याले असं काहीतरी पाहिजे होतं."

समितीत विरोध झाला नाही, तेच वाईट झालं. विरोध झाला असता तर सर भांडले असते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "सगळं ठीक आहे, पण प्रश्न कसा काढायचा?" आमच्याकडे ज्याचा प्रश्न निघत नाही ते ज्ञानच नव्हे. बाजार पाहिला की नाही हे तीन तासांच्या पेपरात कळणार कसं? बराच खल झाल्यावर असा तोडगा निघाला की एक प्रश्न सक्तीचा ठेवायचा: 'तुम्ही दिलेल्या एका बाजारभेटीचे वर्णन करा.' सरांनी होकार दिला. मी टिपणात लिहून घेतलं. पेपर मंजूर झाला त्या दिवशी सरांनी विभागात संत्रा बर्फी वाटली आणि शिपायाला दोन तुकडे दिले.

पहिल्या वर्षी मी एक तुकडी घेऊन बाजारात गेले. निम्म्या मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. उरलेल्यांना एका व्यापाऱ्यानं हाकललं, धंद्याच्या वेळी जत्रा कशाला आणता म्हणून, आणि त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजांत तर तोच एक मास्तर तीन विषय शिकवणारा, तो पोरांना घेऊन कुठे जाणार? नव्याचे नऊ दिवसही धड भरले नाहीत. पुढच्या वर्षी वर्गात मी पुन्हा विषय काढला तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्याचं उत्तर भेटते ना बाजारात." सगळे हसले. मला वाटलं नेहमीचा वात्रटपणा.

उत्तरपत्रिका तपासायला आम्ही उन्हाळ्यात एका हॉलमध्ये जमायचो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारलेलं, तरी पेन घामानं निसटायचं. त्या वर्षी या पेपरचे मुख्य परीक्षक सरच होते. निवृत्त झाले होते, पण विद्यापीठानं मुद्दाम बोलावलं होतं. बाहेरगावचे एक प्राध्यापक हसायला लागले. "ऐका," म्हणाले, आणि मोठ्यानं वाचू लागले: "'सोबत माझे वडील होते. मिरचीच्या ढिगाजवळ जाताच त्यांना जोराचा ठसका लागला व त्यांची टोपी खाली पडली. तेव्हा एका हमालाने त्यांना पाणी दिले.'" मग दुसरी उत्तरपत्रिका उघडली. तिच्यातही वडील, ठसका, टोपी. तिसऱ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, माझ्याकडेही सगळ्यांचे वडील ठसकतात." हॉलभर हशा पिकला. कुणी वर्ध्याकडचा, कुणी भंडाऱ्याकडचा, आणि सगळ्यांच्या बापाला लकडगंजातच ठसका.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातातही एक उत्तरपत्रिका उघडी होती.

"सामूहिक कॉपीचं प्रकरण करायचं का, सर?" बाहेरगावचे विचारत होते. "की सरळ शून्य द्यायचं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच झालं होतं." आणि त्यांनी गुण देऊन टाकले. म्हातारा थकला, असं बाकीच्यांना वाटलं असावं.

संध्याकाळी मी सीताबर्डीवर जाऊन त्या पेपरचं गाईड विकत घेतलं. लेखक म्हणून छापलं होतं, 'एक अनुभवी प्राध्यापक'. दुकानदाराला विचारलं, तर तो कौतुकानं म्हणाला, "लई हुशार पोरगा आहे. सगळ्या पेपरांची गाईडं तोच लिहून राहिला आता."

म्हणजे सरांच्या अभ्यासक्रमातून खरोखरच काम निघालं होतं. माझ्या माहितीत ते एकालाच मिळालं.

पुढे सरांनी शहराबाहेर हुडकेश्वरकडे लहानसं घर बांधलं. तेव्हा तिथं शेतंच जास्त होती. मी बऱ्याच वर्षांनी गेले. मुलगा दारात भेटला, अंगानं भरला होता, केस मागे गेले होते. आता पाहुणे आले म्हणून तो उठून जात नव्हता. "या ताई," म्हणाला, "बाबा मागे बसून आहेत," आणि आपल्या कामाला लागला. त्याच्या टेबलावर इतिहासाचं, राज्यशास्त्राचं, कसलं कसलं लिखाण पसरलं होतं. परसात सर खुर्चीवर बसून मांडीवर पाटी ठेवून काही तपासत होते. जवळ गेले तर गाईडच्या नव्या आवृत्तीची प्रुफं.

"सर, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग काय करू? चूक छापली तर पोरं चूकच पाठ करतीन ना."

या माणसानं गाईडं वर्गात फाडलेली मी पाहिली आहेत. रडू येईल म्हणून मी प्रुफांत डोकं घातलं. बाजारभेटीचं पान समोरच होतं. घाऊक बाजार एव्हाना कळमन्याला गेला होता, म्हणून सरांनी लाल शाईनं लकडगंज खोडून कळमना केलं होतं. म्हणजे आता त्यांना ठसका कळमन्यात लागणार होता.

"कळमन्याला जाऊन आलात का तुम्ही दोघं?" मी विचारलं.

"नाही. काहून जायाचं? तेवढं नाव बदललं की झालं."

"मग ठसका तरी काढून टाका, सर. पोरं हसतात."

त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं. मग पेन उचललं.

"राहू दे," म्हणाले. "पूर्‍या पुस्तकात तेवढंच त्यानं स्वतःच्या डोयानं पाह्यलेलं आहे."

आणि त्यांनी पुढचं पान घेतलं.